आठवी पट्टी

जूनमध्ये थंडी पडते, हे इथल्या, दक्षिण गोलार्धातल्या सोळा वर्षांत माझ्या डोक्याला पटलंय. अंगाला अजून पटलेलं नाही. दर वर्षी जून मला बेसावध गाठतो. यंदा एका सकाळी पाय टाइल्सवर टेकले आणि हीटरची आठवण झाली. तो काढायला गॅरेजमध्ये गेले, तर त्याच्या मागे, भिंतीला टेकून, दुसरंच काही उभं होतं. काळी दांडी, तळाशी जेवणाच्या ताटाएवढी चकती, मुठीवर बाबांनी गुंडाळलेली पांढरी नाडी, आता मळकी. मेटल डिटेक्टर. चार हिवाळे तो तिथेच आहे. दर हिवाळ्यात मी हीटर काढते, त्याला हात लावत नाही, दार लावून घेते. याही वेळी तसंच केलं. आत येऊन चहा केला आणि तो ओट्यावर निवून गेला.

त्याच आठवड्यात शेजारच्या रॉनने कुंपणावरून हाक मारली. मशीन मूळचं त्याचंच. रॉन आता ब्याऐंशीचा आहे. जन्म याच घरातला. गिरावीनमधल्या आमच्या गल्लीत सगळ्यांनी जागेचे दोन-दोन, तीन-तीन तुकडे करून घरं बांधली, तरी याचं परसू अजून लांबच्या लांब पसरलेलं. आता तेही विकलं गेलंय. सप्टेंबरात तो मुलीकडे क्वीन्सलंडला चाललाय आणि मागच्या मोकळ्या जागेत टाउनहाउसेस उठणार आहेत.

"युअर डॅड्स स्ट्रिप्स," तो म्हणाला, "सिक्स टु गो. बेटर फिनिश देम बिफोर द डिगर्स कम, लव."

बाबांनी आखलेल्या पट्ट्यांपैकी सहा राहिल्यात, खोदाईची यंत्रं यायच्या आत संपवायला हव्यात, हे त्याच्या लक्षात होतं. माझ्याही होतं. "बघते रॉन, शिफ्ट्स खूप आहेत," मी म्हटलं. शिफ्ट्स नेहमीच खूप असतात. मी वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये काम करते. दमलेय हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलंय की आता कुणी ऐकत नाही, मीसुद्धा नाही.

"नो वरीज," रॉन म्हणाला आणि काठी टेकत आत गेला. मी कुंपणापाशी उभीच राहिले. पलीकडे गवतावर दव होतं. उन्हं येत होती, पण ऊब नव्हती. त्या हिवाळ्यात सकाळ अशीच असायची.

तो साथीचा पहिला हिवाळा. बाबा फेब्रुवारीत आले होते, फक्त तीन महिन्यांसाठी. माझा घटस्फोट होऊन वर्ष झालं होतं, मी हे छोटं घर घेतलं होतं आणि ते मांडून द्यायला कुणीतरी यावं असं आईच्या मनात होतं. ती स्वतः येऊ शकत नव्हती. कराडला आमच्या घरी मावशी अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचं सगळं आई करायची. म्हणून बाबा आले, येताना दोन किलो मेतकूट आणि माझ्या पडद्यांसाठी मोजायची टेप घेऊन. मार्चमध्ये सगळे दरवाजे बंद झाले. तीन महिन्यांसाठी आलेला माणूस वर्षभर राहिला.

मधे त्यांना परत जायची संधी तीनदा आली. दोनदा मी त्यांना थांबवलं. तिसऱ्यांदा जाऊ दिलं. या लेखात मी दुसरं काहीही लिहिलं, तरी आत हेच घोळत राहणार आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

बाबा कराडच्या मोजणी ऑफिसात छत्तीस वर्षं भूकरमापक होते. शंकू-साखळी घेऊन तालुक्यातलं शेत न् शेत त्यांनी पालथं घातलेलं. निवृत्त झाल्यावरही चालताना पावलं मोजायची सवय गेली नव्हती. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी माझं अंगण मोजलं, गल्ली मोजली, कोपऱ्यावरचं पार्क मोजलं. मग मोजायला काही उरलं नाही. बाहेर फिरायला बंदी, टीव्हीवर कळेल अशी भाषा नाही आणि मुलगी दिवसभर गाऊन, मास्क, शील्ड घालून म्हाताऱ्यांच्या खोल्यांतून फिरतेय. मी घरी आले की मागच्या दाराने लॉन्ड्रीत जायची, कपडे मशीनमध्ये टाकायची, आंघोळ करायची आणि मगच स्वयंपाकघरात पाऊल ठेवायची. तोवर बाबा चहाचा कप टेबलाच्या त्या टोकाला ठेवून या टोकाला उभे. चहा करायला ते इथेच शिकले. सुरुवातीचा चहा मी केवळ लेक म्हणून प्यायले.

रॉनशी त्यांची ओळख कुंपणावरून झाली. रॉनचा खुब्याचा सांधा नुकताच बदललेला होता. मशीन होतं, वेळ होता, वाजलेलं कळत होतं, पण वाकून खणता येत नव्हतं. बाबांना वाकता येत होतं आणि दुसरं काही करायला नव्हतं. रॉनच्या बापाची इथे कोंबड्यांची शेती होती. अंडी न्यायला माणसं फाटकापर्यंत यायची, मजूर शनिवारी मागे पत्ते खेळायचे. तेव्हाची नाणी या मातीत पडलेली असणारच, अशी रॉनची खात्री होती. त्याने मशीन फाटकातून आत ढकललं, दीड मीटर मागे सरला आणि म्हणाला, "लो अँड स्लो, वॉझ."

वसंत हे नाव त्याला जमेना, म्हणून वॉझ. बाबांना ते भलतंच आवडलं. आईला फोनवर सांगितलं, इथे मला वॉझ म्हणतात. आई म्हणाली, म्हणू देत, तुम्ही ओ द्या म्हणजे झालं.

लो अँड स्लो म्हणजे चकती जमिनीच्या अगदी जवळ धरायची आणि केर काढतो तशी सावकाश डावीउजवीकडे फिरवायची, आधीच्या फेरीवर थोडी चढवून. लोखंड असेल तर मशीन खर्जात घुरघुरतं. तांबं किंवा चांदी असेल तर वरच्या पट्टीत, स्वच्छ वाजतं. आणि मधे कुठेतरी वाजलं, तर शीतपेयाच्या डब्याचं कडं. रॉनचा नियम असा, की नवशिक्याने सगळंच खणायचं, कान आपोआप तयार होतो.

बाबांना मात्र असं मोकाट फिरणं मंजूर नव्हतं. "मंजू, याला विचार, हद्द कुठून कुठपर्यंत?" मी भाषांतर केलं. रॉन हसला, म्हणाला, ऑल ऑफ इट. बाबांनी दोन दिवस खर्चून परसूची मोजणी केली, कागदावर नकाशा काढला आणि जागेच्या लांबच लांब, साडेतीन फूट रुंद चौदा पट्ट्या पाडल्या. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना खुंटी, मधे दोरी. एक पट्टी पुरी झाल्याशिवाय दुसरीवर पाऊल ठेवायचं नाही. तिसऱ्या दिवशी मोठ्या रुबाबात मशीन चालू केलं, तर ते एकसारखं घुरघुरायलाच लागलं. बाबा गुडघ्यावर बसून खणायला लागले. रॉन खुर्चीत बसून बघत होता. त्याचे खांदे हलायला लागले, तेव्हा मला शंका आली. खुंट्या म्हणून बाबांनी सहा-सहा इंची लोखंडी खिळे ठोकले होते. छत्तीस वर्षांची सवय, दुसरं काय. स्वतः रोवलेले खिळे मशीन त्यांना परत शोधून देत होतं. शेवटी मी पनीर टिक्क्यासाठी आणलेल्या लाकडी काड्या काढून दिल्या. त्या त्यांनी अठ्ठावीस ठिकाणी रोवल्या.

त्याच दुपारी हद्दीवरून गप्पा निघाल्या. बाबा बोलत होते, मी मधे उभी राहून इंग्रजी करत होते. शेतात हद्दीचा दगड पुरतात ना, बाबा म्हणाले, त्याच्या खाली कोळसा पुरायचा, वर खापरीचा तुकडा. का? तर दगड माणसं हलवतात. रात्रीतून दोन फूट सरकवतात आणि वर कोर्टात शपथ घेतात. पण कोळसा कुणी उचलत नाही आणि तो कुजतही नाही. वरचं सगळं बदललं, तरी आम्ही खणतो आणि खाली कोळसा लागला की बोट ठेवतो, हद्द इथे. "आणि एकदा लागली की ती खूण काढायची नाही हं," मला म्हणाले, "हे नीट सांग त्याला. बघायची आणि परत तशीच झाकायची."

रॉनने नीट ऐकून घेतलं. "चारकोल," तो म्हणाला. "हाउ अबाउट दॅट." आणि बराच वेळ आपल्या कुंपणाकडे बघत बसला.

मी सुट्टीच्या दिवशी मशीन हातात घ्यायची. हेडफोन लावला की बाकी सगळं लांब जायचं. कामावर दिवसभर बझर वाजत असायचे. बारा नंबरला टॉयलेटला जायचंय, चौदा नंबर घाबरलीय, नऊ नंबरच्या आजींचा मुलगा खिडकीबाहेर उभा आहे आणि तिला तो ओळखू येत नाहीये. वाजलं की धावायचं. इथे वाजलं की थांबायचं. उलट बाजूने पुन्हा चकती फिरवायची, आवाज तिथेच येतोय का बघायचं. मग तीन बाजूंनी गवत कापायचं, चौथी तशीच ठेवायची, आणि डब्याच्या झाकणासारखा तो तुकडा उलटा करायचा. खाली काळी, थंड माती. गुडघ्याखाली योगाची चटई, हातात खुरपं. माझी कंबर आधीच माणसं उचलून मोडलेली असायची, तरी मी वाकायची. का ते तेव्हा कळत नव्हतं. आता वाटतं, वाकल्यावर समोर कुणाचा चेहरा नसायचा, एवढंच.

मिळायचं काय? बाटल्यांची बुचं. बिजागऱ्या. एक चमचा. कोंबड्यांच्या पायांत घालायची अॅल्युमिनियमची कडी, ढिगाने. "कोंबड्यांचं बारसं जोरात झालेलं दिसतंय," बाबा म्हणाले आणि ती सगळी पट्टीच्या नंबराप्रमाणे डब्यांत भरून ठेवली. शेवटी माझ्या फ्रीजवर आठ डबे झाले. प्रत्येकावर त्यांच्या ऑफिसातल्या टपोऱ्या अक्षरात पट्टी क्रमांक.

जुलैत भारतात जायच्या खास विमानात जागा मिळतेय असा फोन आला. बाबांनी पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेबलावर आणून ठेवला. मी दुहेरी शिफ्ट करून आले होते. मी बोलत सुटले. विमानात दोनशे माणसं, तुमचं वय एकोणसत्तर, तिकडे हॉस्पिटलांची काय अवस्था आहे, इथे आपण सुरक्षित आहोत, तुम्ही आजारी पडलात तर आईने मावशीकडे बघायचं की तुमच्याकडे? सगळं खरं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. "तू म्हणतेस तर राहतो," म्हणाले आणि पिशवी परत कपाटात ठेवली. एक गोष्ट मी बोलले नाही. कामावरून त्या घरात एकटीने परत यायची मला भीती वाटत होती. कुणीतरी टेबलाच्या त्या टोकाला चहाचा कप ठेवतंय, याच्या जोरावर मी उठत होते.

ऑगस्टमध्ये वॅटलची झाडं पिवळ्या फुलांनी भरली आणि चौथ्या पट्टीत मशीन वाजलं. मी होते तिथे. वाजलं ते वेगळंच, उंच आणि स्वच्छ. रॉन खुर्चीतून अर्धा उठला. "दॅट्स अ कॉइन, वॉझ." बाबांनी इतक्या सावकाश खणलं की मला राहवेना. वीतभर खाली, मातीच्या ढेकळात, हिरवट-तपकिरी चकती. एका बाजूला राजाचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला वन पेनी. शंभर वर्षांच्या आसपासची. बाबांनी ती पँटला पुसली आणि कपाळाला लावली. रॉनला ते कळलं नाही, पण त्यानेही टोपी काढली.

त्या दिवशी मला दुपारची शिफ्ट होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, तर ओट्यावर वाटीत चिंच. पेंडल हिलच्या दुकानातून मी आमटीसाठी आणलेली. बाबांनी संध्याकाळी आईला व्हिडिओवर नाणं दाखवलं होतं. आई म्हणाली, शी, किती मळलंय, चिंच आणि मीठ लावून घासा. दोघांनी मिळून, एक कराडला आणि एक गिरावीनला, तासभर ते नाणं घासलं. देवघरातलं पंचपाळं दिवाळीला निघतं तसं निघालं होतं. लालबुंद, लखलखीत. राजाची दाढी मोजून घ्यावी इतकी साफ. बाबांनी ते रुमालावर ठेवून कुंपणापाशी नेलं.

रॉनने बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं. "ऑ, मेट," एवढंच म्हणाला. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, हे कधी करायचं नसतं असं सांगितलं. तो तपकिरी थर म्हणजे नाण्याची कातडी. जमिनीने शंभर वर्षं घालून चढवलेली. ती गेली की नाणं गेलं, जाणकार त्याच्याकडे बघतही नाहीत.

मी भाषांतर करताना खोटं बोलले. म्हटलं, रॉन म्हणतोय छान निघालंय, पुढच्या वेळी इतकं नाही घासलं तरी चालेल. पण बाबांनी छत्तीस वर्षं शेतकऱ्यांची तोंडं वाचली होती. त्यांनी रुमाल मिटला. "घाण होती म्हणून काढली," म्हणाले. त्या दिवशी ते परसूत उतरलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी रॉनलाच वाईट वाटलं असावं. तो कुंपणावर वाकून बाबांना म्हणाला, "स्टिक इट बॅक इन द ग्राउंड, वॉझ. गिव्ह इट अनदर हंड्रेड इयर्स. शी'ल कम गुड."

परत पुरून ठेव, अजून शंभर वर्षांनी होईल ठीक. बाबांनी मला तीन वेळा विचारलं, असंच म्हणाला ना तो? मी म्हटलं, बाबा, चेष्टा करतोय तो. बाबा म्हणाले, "चेष्टा कसली? आमच्या ऑफिसातले नकाशे बघ. शंभर वर्षं म्हणजे काही फार नाही." आणि पाचव्या पट्टीची दोरी लावायला गेले.

नवरात्रात मावशी गेली. आई घरात एकटी पडली. दिवाळीच्या आधी पुन्हा विमानाचा फोन आला आणि पुन्हा मी बोलले. थंडीत तिकडे आकडे वाढतील म्हणतात, जानेवारी जाऊ दे, लस येतेय. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दोन दिवसांत सहावी पट्टी संपवली, उन्हात, टोपी न घालता. तिसऱ्या दिवशी चहा ठेवताना म्हणाले, "तुझी आई लाइट लावून झोपते म्हणे आजकाल." मी अर्धा कप पिऊन चावी उचलली. शिफ्टला उशीर होत होता.

फेब्रुवारीत त्यांनी मला विचारलं नाही, सांगितलं. "मी आलो होतो तुझं घर बघायला. बघून झालं, मंजू. घर चांगलं आहे. तूही सावरलीस." तेव्हा तिकडे आकडे उतरले होते. सगळे म्हणत होते, गेलं एकदाचं. माझ्यात वाद घालायचा जीव उरला नव्हता. आणि आईच्या दिव्याचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. जा, म्हटलं.

जायच्या दिवशी सकाळी मी कामावर होते. ते एकटेच रॉनच्या परसूत गेले आणि आठवी पट्टी पुरी करून आले. एअरपोर्टला जाताना गाडीत त्यांनी मला नकाशा दिला. आठ पट्ट्यांवर रेघा मारलेल्या, सहा कोऱ्या. आठवीच्या टोकाला, मागचं कुंपण जिथे वळतं त्या कोपऱ्यात, एक छोटा त्रिकोण. मला वाटलं, उत्तर दिशा दाखवलीय. "पुढच्या खेपेला नववीपासून," म्हणाले. मशीन रॉनने त्यांना देऊन टाकलं होतं. ते त्यांनी गॅरेजमध्ये हीटरच्या मागे नीट उभं करून ठेवलं.

अकरा आठवडे. मग तिकडे ती दुसरी लाट आली. बाबांना ऑक्सिजनचा बेड मिळाला, हे आम्ही नशीब समजलो. पाचव्या दिवशी, दुपारी, माझ्या ब्रेकमध्ये फोन आला. मी हातातला सँडविचचा कागद घडी करून खिशात ठेवला, हे मला आठवतं. इकडून निघायला परवानगी लागत होती, तिकडून परत यायला बंदी होती. मी गेले नाही. संध्याकाळी चौदा नंबरला जेवण भरवलं. ती म्हणाली, "यू लुक टायर्ड, डार्लिंग." मी म्हटलं, येस, आय अॅम.

थांबवलं तेव्हा वाटत होतं, मी आईचा नवरा चोरून ठेवलाय. सोडलं आणि ते गेले, तेव्हा वाटायला लागलं, तिसऱ्यांदाही चोरी केली असती तर? हे मी आईला किती वेळा फोनवर ऐकवलं असेल. शेवटी एकदा ती वैतागली. "दोनदा अडवलंस ते चुकलं म्हणतेस, तिसऱ्यांदा सोडलंस तेही चुकलं म्हणतेस. एकदा काय ते ठरव, मंजू. मला ते अकरा आठवडे रोज सकाळी चहा करून देत होते. चव बरी नव्हती. पण चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच देत होते." तिने असं म्हटल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण बरं वाटण्यालाही ताकद लागते.

ती पेनी मात्र कुठे मिळेना. डबे होते, कोंबड्यांची कडी होती, चमचा होता. बाबांच्या खोलीतले खण मी दोनदा उलटे केले. आईला विचारलं, बाबांनी ते तांब्याचं नाणं आणलं होतं का गं? नाही म्हणाली. मला वाटलं, रॉनच्या त्या चेहऱ्यानंतर लाजेने कुठेतरी टाकून दिली असेल. त्याचंच वाईट वाटत राहिलं. खोटं भाषांतरही मला नीट करता आलं नव्हतं.

गेल्या रविवारी मी गॅरेज उघडलं. बॅटऱ्या बदलल्या. त्या काड्या केव्हाच कुजून गेलेल्या, म्हणून नकाशा घेऊन बाबांसारखी पावलं मोजत गेले. रॉन पांघरूण घेऊन खुर्चीत बसला होता. नववीची दोरी कुठून लावायची हे कळायला आठवीचं टोक सापडायला हवं होतं. मी मशीन चालू केलं आणि कुंपणाच्या कोपऱ्याशी उभी राहून सहज चकती फिरवली.

वाजलं. उंच, स्वच्छ.

आठवी पट्टी झालेली होती. झालेल्या जागी वाजायला नको होतं. बाबांनी झाली म्हटलेल्या जागेत तर नाहीच नाही. मी उलट बाजूने फिरवलं. तिथेच. चटई टाकली, वाकले, तीन बाजूंनी गवत कापलं. चार बोटं खाली खुरप्याला कौलाचा तुकडा लागला. तो उचलला. त्याच्या खाली, एकमेकांना चिकटून ठेवलेले, रॉनच्या बार्बेक्यूतले कोळशाचे तीन तुकडे. आणि त्यांच्या मधोमध, आडवी, पेनी.

रडू आलं, ते मास्क नसल्यामुळे सरळ मातीत पडलं. त्यांनी नाणं टाकलं नव्हतं. रॉनने सांगितलं तसं पुरलं होतं, शंभर वर्षांसाठी, आणि कुणालातरी सापडावं म्हणून खाली साक्ष ठेवली होती. मला नकाशात त्रिकोण काढून दिला होता. मी तो उत्तर दिशा समजून चार वर्षं फ्रीजवर लावून ठेवला.

पेनी रॉनकडे नेली. त्याने चष्मा वर केला, ती उन्हात धरली, उलटी केली. लाली गेली होती. राजाच्या मानेपाशी मळकट तपकिरी धरायला लागलं होतं आणि कडेला बारीक हिरवी रेघ.

"वेल," तो म्हणाला, "शी'ज कमिंग गुड."

चार वर्षांत एवढं. मी विचारलं, ठेवतोस का? त्याने नाही म्हणून मान हलवली आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. काढायची नाही, बघायची आणि तशीच झाकायची, हे मी त्या पहिल्या हिवाळ्यात त्याला नीट सांगितलं होतं. त्या वेळचं माझं भाषांतर बरोबर होतं.

कुंपणाला लागून इमारतीचा पाया येत नाही, असं तो म्हणाला. येईलही कदाचित. मी खड्डा वीतभर आणखी खोल केला. पेनी ठेवली, तीन कोळसे होते तसे लावले, वर कौलाचा तुकडा, वर माती. गवताचं झाकण मिटलं आणि पायाने दाबलं. गुडघा दुखत होता, दुपारी दोनला शिफ्ट होती. मी कोपऱ्यापासून साडेतीन फूट मोजले आणि नवव्या पट्टीची दोरी लावली.